ऑरिनच्या मापाच्या पुंगळ्या

आर्लिस हॉव्हलंड गॅरेजमध्ये काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायच्या टेबलाशी कपाळाला आठ्या घालून बसली होती, आणि तिचा दीर डेल्मर शेजारी कॉफी पीत फुकटचे सल्ले देत होता.

"तुझ्या पुंगळ्यांची हेडस्पेस वाढलीय," तो म्हणाला.

"हेडस्पेस म्हणजे काडतुसामागची मोकळी जागा, ती बंदुकीत असते. पुंगळीला नुसती लांबी. तुझा भाऊ सांगून सांगून थकला, पण तुझ्या टाळक्यात शिरेल तर शपथ!"

"बरं बाई, लांबी."

भाऊ म्हणजे ऑरिन, आर्लिसचा नवरा. गेल्या वर्षी एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामात ऑरिन तंबूतून लॉस्ट म्यूल ओढ्याच्या वरच्या अंगाला एकटाच गेला, तो परत आलाच नाही. शोधपथकाने कुत्री लावली, हेलिकॉप्टर फिरवलं, मग बर्फ पडायला लागलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्याची बंदूकसुद्धा सापडली नाही. आर्लिसला चमत्काराची आशा नव्हती. तो गेला असेल तर कुठे गेला, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते कळेना, म्हणून त्याच्या पिकअपची बॅटरी ती अजून दर रविवारी चार्ज करत होती.

पुंगळ्यांचं गणित साधं असतं. बार उडाला की पितळ फुगतं आणि त्या बंदुकीच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप घेऊन बाहेर येतं. ती पुंगळी पुन्हा भरायची, तर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिचा खांदा, मानेखालचा उतार, केसभर मागे ढकलायचा. नीट जमलंय का ते पाहायला बार उडवणारी फायरिंग पिन तिच्या स्प्रिंगसकट काढून ठेवायची, पुंगळी चेंबरमध्ये घालायची आणि चेंबर बंद करणाऱ्या बोल्टची दांडी सोडून द्यायची. दांडी आपल्याच वजनाने खाली पडली की काम फत्ते. ऑरिनच्या जुन्या बंदुकीचं चेंबर जरा ऐसपैस होतं. त्याच्या पुंगळ्या आर्लिसच्या बंदुकीत कधी बसायच्या नाहीत, म्हणून नवराबायकोचे डबे वेगळे.

काल दाबलेल्या पुंगळ्यांवर दांडी मजेत पडली होती. आज त्याच पुंगळ्यांवर ती अर्ध्यावरच अडत होती. आर्लिसने मोजायला कॅलिपर लावला. ऑरिनचं माप. अगदी नेमकं.

"डबे मिसळले असशील," डेल्मर म्हणाला.

"ही पितळं मी या वसंतात विकत घेतलीत. ऑरिनच्या बंदुकीने ती पाहिलेलीसुद्धा नाहीत."

तिने सगळ्या पुंगळ्या त्याच्यासमोर पुन्हा दाबल्या. त्याने स्वतःच्या कॅलिपरने मोजल्या, कारण बायकांच्या मोजमापावर त्याचा विश्वास नव्हता. मग तिने गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्याच हातात दिली. तो हसत हसत घेऊन गेला.

सकाळी त्यानेच दार उघडलं. एक पुंगळी मोजली, दुसरी मोजली, आणि तिसरी न मोजताच खाली ठेवली.

"शिकारीला तू दुकानातली काडतुसं घेऊन चल," एवढंच तो म्हणाला.

हंगामाच्या पहिल्या सकाळी दोघं ओढ्याच्या कडेने चढू लागले. रात्रभर बर्फ पडलं होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. आर्लिसच्या खिशात त्या पुंगळ्यांपैकी एक रिकामी पुंगळी होती. ती का बरोबर घेतली हे तिला सांगता आलं नसतं. चिडून घेतली म्हणा.

पहिल्या विसाव्याला तिने बंदूक मोकळी करून ती पुंगळी घालून पाहिली. दांडी घरच्यापेक्षा जरा खाली गेली.

"थंडीने पितळ आकसतं," डेल्मर म्हणाला.

"मग बंदूक काय शेकोटीपाशी बसलीय?"

पुढे ओढ्याला दोन फाटे फुटत होते. डावीकडे थोडं चालून तिने दांडी दाबली. घट्ट. उजवीकडे गेली. सैल. डेल्मर हे बघत होता. मग तो आपणहून उजव्या फाट्याला लागला.

ती दांडीच्या मागे चालत राहिली. शोधपथक या बाजूला आलं होतं की नाही कुणास ठाऊक. झाडं दाट झाली. वाट संपली. प्रत्येक वेळी दांडी आणखी सैल.

एका घळीच्या तोंडाशी ती थांबली आणि तिने दांडीवरचं बोट काढलं.

दांडी आपल्याच वजनाने खाली पडली. आज फायरिंग पिन जागेवर होती, आणि तिची स्प्रिंग अडवत असताना दांडी अशी पडत नाही. कधीच नाही.

समोर एक जुनं सूचीपर्णी फर झाड आडवं पडलं होतं. खोडाखालून शिकाऱ्याच्या विटक्या नारिंगी जाकिटाचं टोक दिसत होतं, आणि बंदुकीची गंजलेली नळी.

डेल्मरने हातांनी बर्फ उपसलं. वर्षभराची हाडं होती. पाय खोडाखालीच होता.

आर्लिस गुडघ्यांवर बसली. "किती उशीर केला रे मी," ती म्हणाली आणि पोटभर रडली. बरंही वाटलं तिला. आता निदान घरी नेता येणार होता तो.

डेल्मरने टोपी काढली. "याने बार का काढले नाहीत? अडकलेला माणूस मदतीसाठी तीन बार काढतो, लहान पोरालाही ठाऊक असतं. मी त्या दिवशी खाली तंबूतच होतो, आर्लिस. तीन बार ऐकले असते, तर मी धावत आलो असतो गं."

आर्लिस खोडाच्या पलीकडे पाहत होती.

तिथे रात्रीच्या ताज्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्या बर्फावर रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या, नव्यासारख्या लखलखीत. प्रत्येकीने आपल्यापुरतं बर्फ वितळवून खळगा केला होता.

तीन-तीनच्या पुंजक्यांनी पडल्या होत्या. जवळच्या पुंजक्यात अजून दोनच होत्या, आणि त्यांतून वाफ निघत होती.