उजवीकडचा खिसा

त्याच्याशी मी आयुष्यात पहिलं वाक्य बोलले ते असं — "लागलं तर नाही ना तुम्हाला?"

कारण लाकूड कोरायची माझी कोरणी दुसऱ्या मजल्यावरून सरळ खाली गेली होती आणि तो नेमका तेव्हाच जिना चढत होता. दोन्ही हातांवर फायलींचा गठ्ठा होता म्हणून वाचला. कोरणी वरच्या फायलीत टोकापासून अर्धी रुतून उभी होती. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे.

"मला नाही लागलं," तो शांतपणे म्हणाला. "पण एका नर्तकाचा अर्ज आरपार गेलाय. त्याला काय सांगू?"

"सांगा... वरच्या मजल्यावर धारदार माणसं बसतात."

तो हसला. मी धावत खाली गेले, कोरणी उपसून घेतली आणि पुटपुटले, "हात ओला होता. खिडकीतून पाऊस येतो ना आत — निसटली."

त्यानं जिन्याच्या खिडकीकडे पाहिलं. पाऊस थांबून तास झाला असेल, बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मला तेव्हाच त्याची भीती वाटली.

माझा हात कोरडा ठणठणीत होता. झालं होतं ते एवढंच, की अंगठा आणि शेजारची दोन बोटं मधूनच माझी राहत नव्हती. आधी मुंग्या यायच्या, मग काहीच नाही. कोरणी हातात आहे की नाही, हे बघूनच कळायचं. अकरा वर्षं मी लाकडाच्या ठोकळ्यावर चित्रं कोरून कागदावर छापतेय. दुसरं मला काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावंसं कधी वाटलंही नाही.

आमची संस्था एका जुन्या टेलिफोन कचेरीत आहे. आपल्या हिमतीवर काम करणाऱ्या कलावंतांना टिकून राहायला मदत करणं, हे तिचं काम. तळमजल्यावर तालमीची खोली आणि उसनी अवजारं देणारी खिडकी, पहिल्या मजल्यावर करारांचे कागद वाचून देणाऱ्या वकीलबाई, आणि दुसऱ्यावर आमची कार्यशाळा — सहा टेबलं आणि एक भलंमोठं छापायचं यंत्र. सहातलं खिडकीजवळचं टेबल माझं. ते यंत्र घरात मावणारं नाही, त्यामुळे टेबल गेलं की माझं कामच गेलं. आणि टेबल ठेवायचं की नाही हे दर वर्षी पाहणीच्या दिवशी ठरायचं. तीन ज्येष्ठ कलावंत येत, वर्षभराचं काम बघत, आणि जाताना एका कागदावर लिहून जात.

जिन्यातल्या प्रसंगानंतर आठवड्याभरात कळलं, की माझी जुनी सोबती बदलून गेली. इथे प्रत्येक कलावंताला संस्थेतलं एक माणूस सोबती म्हणून मिळतं. दर गुरुवारी ते अर्धा तास समोर बसतं, विचारपूस करतं, फॉर्म भरतं. माझ्या समोर जे माणूस येऊन उभं राहिलं, त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल होती, आणि हातात भोक पडलेली फाईल.

"आज कोरणी कुठे आहे?" त्यानं बसण्याआधी विचारलं.

"पेटीत. कुलूप लावून."

"मग बसतो." त्यानं फॉर्म काढला. "काम कसं चाललंय?"

"छान."

"काही अडचण?"

"नाही."

त्यानं लिहून घेतलं. मग मान तिरकी करून म्हणाला, "मला सरळ रेघ ओढता येत नाही, माहितेय? शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझी वही बघून आईला बोलावून घेतलं होतं. म्हणून मी इथे आलो. ज्यांना येतं त्यांच्या आसपास तरी राहावं."

"आणि इथे येऊन काय करता? चौकोनात बरोबरच्या खुणा करता."

"त्याही तिरक्या येतात," तो म्हणाला.

असे तेरा गुरुवार गेले. तो मला ठोकळेबाई म्हणू लागला, मी त्याला फायलीवाले. तो दोन कप कॉफी आणायचा आणि माझा कप नेहमी माझ्या डाव्या हाताशी ठेवायचा. मला ते कळत होतं... आणि न कळल्यासारखं मी करत होते. तो आला की आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी मी उजवा हात टेबलाखाली घ्यायचे. कारण पाहणीच्या समितीपुढे जाणारा अहवाल तोच लिहिणार होता. ज्याच्या डोळ्यांत बघत राहावंसं वाटतं, नेमकं त्याच्यापासूनच हात लपवायचा, ही काय तऱ्हा झाली.

मी इतकी का भ्यायले होते, ते बाबांमुळे. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी चौदा वर्षांची होते तेव्हा त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आज अंग दुखतंय, उद्या रंग आला नाही, अशी कारणं देत राहिले. मग एका पाटीवर अक्षरं वाकडी आली, आणि कामं यायची थांबली. तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्चीत बसतात. शर्टाची बटणं मी लावून देते. बटणं लावताना ते माझ्या बोटांकडे बघतात, आणि अलीकडे मी घाईघाईनं लावते.

पाहणीला पंधरा दिवस उरले तेव्हा मी ठरवलं — डावा हात. घरी दार लावून रेघा ओढल्या, लाकडाच्या तुकड्यांवर कोरलं, डाव्या तळव्याला दोन फोड आणले. जमू लागलं, तेव्हा समितीला दाखवायला नवा ठोकळा घेतला. विषय सुचत नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. मग कोरलं ते त्यालाच. जिना, हातांवर फायलींचा गठ्ठा, वर बघणारा चेहरा आणि खिशात दोन पेनं, एक पेन्सिल.

पाहणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मी शाई लावून पहिली प्रत काढली. कार्यशाळा रिकामी होती. कागद उचलते तोच मागून आवाज आला.

"हा मी?"

मी प्रत लपवायला वळले, पण ओली शाई कुठे लपवणार. तो जवळ आला. इतका जवळ, की त्याच्या शर्टाला आलेला पावसाचा वास मला कळला. बराच वेळ तो बघत राहिला. कान लाल झाले होते त्याचे.

"कुणी माझं चित्र काढलं नव्हतं आजवर," तो म्हणाला. आणि मग हळूच, "पण... माझा खिसा उजवीकडे नाही."

मी कागदाकडे पाहिलं. चित्रातल्या माणसाचा खिसा त्याच्या उजवीकडे होता. भांगही उलटा, जिन्याचा कठडाही पलीकडे. माझे पायच गार पडले. आमच्या कामात ठोकळ्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, तेव्हा कागदावर सुलट उतरतं. अकरा वर्षांत माझ्या डोक्याला ते उलटं करायची सवय लागली होती. पण सवय नसलेला डावा हात आपोआप उलटं काढू बघतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. डोक्यानं एकदा उलटवलं, हातानं पुन्हा उलटवलं, म्हणून ठोकळ्यावर सुलट आणि कागदावर उलटं. हे शिकाऊ पोरीच्या हातूनही झालं नसतं.

"पूर्वी इथे एक आजोबा कोरायचे," तो कागदावरून नजर न काढता म्हणाला. "त्यांच्या हातून असंच झालं होतं. जुना माणूस उलट-सुलट चुकत नाही. हात बदलला तरच चुकतो."

"घाईत झालं."

"ठोकळेबाई..."

"घाईत झालं म्हटलं ना. उद्या दुसरं दाखवेन. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा." मी प्रत तशीच टाकून जिना उतरले. आवाज चढला याची लाज, आणि तो मागे आला नाही याचं वाईट, दोन्ही एकदम वाटत होतं.

घरी भाजी चिरायला बसले. बाबा खुर्चीतून बघत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"सुरी डाव्या हातात आहे तुझ्या."

मी सुरी खाली ठेवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा रडले, तेही अशी, की बाबांना खुर्चीतून उठून माझ्यापाशी यावं लागलं. त्यांनी थरथरता हात माझ्या बधिर बोटांवर ठेवला.

"मला हाताची तेवढी भीती नव्हती गं," ते म्हणाले. "कुणी ओळखेल याची होती. त्या भीतीपायी डॉक्टरकडेसुद्धा गेलो नाही. वेळेवर गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला आजही माहीत नाही. तू माझ्यासारखी खुर्ची धरू नकोस. सांगून टाक."

सकाळी समिती यायच्या तासभर आधी मी त्याच्या खोलीत गेले. तो टेबलाशी बसला होता, रात्री झोपला नसावा. मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं.

"माझी तीन बोटं बधिर होतात. पाच महिने झाले. तुम्हाला खोटं सांगितलं दर गुरुवारी. आता लिहा."

त्यानं काही लिहिलं नाही. भोक पडलेली फाईल उघडून तेरा फॉर्म माझ्यासमोर एकेक करून मांडले. तारीख पेनानं, नाव पेनानं, सगळं पेनानं. फक्त 'अडचण' या शब्दापुढचं 'नाही' प्रत्येक फॉर्मवर पेन्सिलीनं होतं.

"पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं.

"ऊन पडलं होतं ना तेव्हा," तो म्हणाला. "मला ते 'नाही' खरं वाटत नव्हतं. पेनानं लिहिलेलं खोडता येत नाही. म्हटलं... कधीतरी सांगतील." त्यानं खोडरबर पुढे सरकवला. "विचारलं असतं तर तुम्ही यायचंच बंद केलं असतं. त्याची मला भीती होती."

मी बसले, आणि डाव्या हातानं तेराही 'नाही' खोडले. तो कागद धरून होता. शेवटच्या फॉर्मवर आमची बोटं एकमेकांना लागली, आणि नेमकी ती माझी उजव्या हाताची बधिर बोटं होती, म्हणून मला काही कळलं नाही. त्याचा चेहरा बघून कळलं.

"तुम्ही संस्थेचा करार वाचलाय?" त्यानं फॉर्म गोळा करत विचारलं. "पान चार?"

"सही केलीय."

"सगळेच सही करतात. वाचत कुणी नाही." त्यानं पान काढून दिलं. आजारपणात कलावंताची जागा वर्षभर राखून ठेवली जाईल, असं तिथे सरळ लिहिलं होतं. खाली ओळ होती — दर दुसऱ्या शनिवारी तळमजल्यावर हातांच्या डॉक्टर येतात. पाच महिने मी त्यांच्या दारावरून जिना चढत होते.

समितीपुढे मी सगळं सांगितलं. त्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी ती उलटी प्रत उचलली, फायलीवाल्याकडे पाहिलं, पुन्हा प्रतीकडे पाहिलं. "डाव्या हातानं हे," त्या म्हणाल्या. "मग उजव्याची वाट बघायला हरकत नाही." आणि कागदावर तेवढंच लिहून गेल्या.

शनिवारी तो माझ्यासोबत डॉक्टरांकडे आला. मनगटात शीर दबली होती. ते तपासायला बारीक सुई टोचतात. मी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा शेजारच्या पलंगावर त्याला आडवं केलेलं होतं. डॉक्टर आधी त्याला पाणी पाजत होत्या.

"धीर द्यायला आला होतात ना?" मी विचारलं.

"दिला की... तुम्ही हसलात," तो आढ्याकडे बघत म्हणाला.

शस्त्रक्रिया करायची ठरली. छोटी आहे, पण शीर बरेच महिने दबलेली आहे, बोटं पूर्वीसारखी होतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दिवस मिळाला तो नेमका गुरुवार. बाबा आत माझ्या कागदांवर सही करायला गेले होते, त्यांना वेळ लागतो. मी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. तो शेजारी येऊन बसला. मांडीवर भोक पडलेली फाईल होती.

"आज पण?"

"गुरुवार आहे," तो म्हणाला. "काम कसं चाललंय?"

"बंद आहे."

"काही अडचण?"

"आहे." माझे ओठ कोरडे पडले होते. "खूप भीती वाटतेय. बोटं परत आलीच नाहीत तर, याची."

त्यानं ते लिहून घेतलं. अक्षर तिरकं आलं होतं. "आणखी काही?"

आतून माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. जिन्यावरून कोरणी सुटली तेव्हा छाती जशी धडधडली होती तशीच आता धडधडत होती, पण या वेळी मी लपवलं नाही.

"आणखी एक आहे. गुरुवार सोडून बाकीचे सहा दिवस काही माणसं भेटत नाहीत. ही मोठी अडचण आहे."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "ही... नक्की लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "पण पेनानं."

त्याचा हात खिशाकडे गेला — घाईत आधी उजवीकडे, मग डावीकडे.