नसलेली खाडी

हॅलिफॅक्समधल्या पटावरच्या खेळांच्या त्या दुकानात थिया कॉर्कम शिरली, ती केवळ बाहेर बर्फाळ पाऊस तिरका झोडपत होता म्हणून. असल्या खेळांशी तिचे देणेघेणे नव्हते. ती विद्यापीठात नकाशांचा इतिहास शिकवत असे; ज्या राज्यांना इतिहासच नाही, त्यांच्या नकाशांकडे ती ढुंकूनही पाहत नसे.

तरीही भिंतीवरच्या एका नकाशापाशी ती थबकली.

‘वाल्मेराचे राज्य’. पिवळट कागद, ड्रॅगन, सोनेरी दिशाचक्र — आणि या साऱ्या उसन्या दागिन्यांखाली तिचा स्वतःचा किनारा! तीन उन्हाळे होडी वल्हवून, हाताने रेखलेला.

“कुणी काढलाय हा?”

“मीच.” गल्ल्यामागचा तरुण हसला. बाहीवर चावडर सूपचा डाग, डोळे मात्र स्वच्छ. “एमरी बूड्रो. माझ्या खेळाचं पुस्तक सोमवारी छापायला जातंय. आवडला?”

“काढलात, की गिरवलात?”

त्याचे हसू जागच्या जागी विरले.

“कॉम्प्युटरवर खाली आयतं चित्र ठेवायचं, वर कोरा, पारदर्शक लेयर घ्यायचा, किनारा गिरवायचा आणि खालचा लेयर लपवायचा. असंच ना?”

“सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते...”

“कडीलाही उघडायची सोय असते, मिस्टर बूड्रो. म्हणून कुणी शेजाऱ्याच्या घरात शिरत नाही.”

“पण किनारा तर देवाचा —”

“किनारा देवाचा. ही खाडी माझी.” तिने बोट टेकवले. “ही जगात कुठेच नाही. चोर सापडावा म्हणून नकाशावाले एखादी खोटी जागा पेरतात. ही मी पेरली होती.”

तिच्या शांत आवाजात बर्फ होता. नाव गाळले जाणे तिला नवे नव्हते. दोन थोर प्राध्यापकांच्या ग्रंथांत तिचे नकाशे निनावी छापले गेले होते. प्रस्तावनेत त्यांनी आपापल्या मांजरांचे आभार मात्र न विसरता मानले होते. तिसऱ्यांदा ती हे होऊ देणार नव्हती. छापखान्याला धाडलेल्या एका पत्राने सोमवारची छपाई थांबली असती.

एमरीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि लपवलेला लेयर उघडला. ड्रॅगनांखालून तिची रेघ वर आली.

“मी ज्या ग्रंथातून हा घेतला, त्यावर प्राध्यापकाचं नाव होतं,” तो म्हणाला. “पण ही रेघ त्याची नव्हे, हे त्याचा एक परिच्छेद वाचला तरी कळतं. आणि या खाडीपाशी... इथे रेघ हलकी होते. कुणीतरी हसू दाबत काढल्यासारखी. माझी अख्खी गोष्ट इथेच सुरू होते.”

ती खाडी काढताना थिया खरोखरच हसली होती. एकटीच, होडीत बसून.

त्यामुळे तिचा संताप दुपटीने उसळला.

“एवढं कळलं, तर शोधलं का नाहीस मला?”

“भ्यालो. सापडली असतीस, तर नाही म्हणाली असतीस.”

“हे पहिलं खरं बोललास! आणि हा आडवा का ताणलास? लांबी-रुंदीच्या प्रमाणाला कुलूप लावायला विसरलास ना?”

“कागद रुंद होता...”

“कागद रुंद होता म्हणून माझा किनारा लठ्ठ केलास?”

तो हसला नाही. त्याने तिचे नाव विचारून घेतले आणि तिच्यासमोरच छापखान्याला लिहिले : सोमवार रद्द, किनारा नव्याने काढतो आहे, मूळ नकाशा थिया कॉर्कम यांचा. चार वर्षांची मेहनत त्याने एका बोटाने पुसली.

पुढचे सहा शनिवार ती देखरेखीला आली. त्याची एकही रेघ तिने भांडल्याविना सोडली नाही, आणि त्याने आणलेला एकही चावडरचा वाडगा परत केला नाही.

सहाव्या शनिवारी नकाशा पुरा झाला. कोपऱ्यात तिचे नाव, त्याखाली त्याचे.

“झालं,” एमरी पडेल आवाजात म्हणाला. “आता तुला यायचं कारण नाही.”

थियाने माउस ओढून घेतला आणि जुन्या खाडीशेजारी आणखी एक काढली.

“ही कशाला?”

“सापळा.”

“मी तर आधीच...” त्याचे कान लाल झाले. “थिया, मी पहिल्याच दिवशी अडकलो.”

“माहीत आहे. माझा राग अजून गेलेला नाही, एमरी.”

“नको जाऊ देऊस. तो एकटा थोडाच जाईल? तुलाही घेऊन जाईल.”

तिने हसू दाबले — रेघेत उतरले होते, तेच. फाइल बंद करण्यापूर्वी त्याचा हात सवयीने तिच्या मूळ नकाशाचा खालचा लेयर लपवायला गेला. तिने तो हात वरच्यावर धरला. आणि सोडला नाही.