इवामारूने हात का वर केले?

"हारुमा, माझ्या शेजारी उभा राहा! इथे सावली आहे!" त्सुमुगीने हुकूम सोडला. ती वर्गाची मॉनिटर होती आणि सुट्टीतही मॉनिटरच राहिली होती.

"सावलीचं काय घेऊन बसलीस? इकडे ये रे, कलिंगड आणलंय तुझ्यासाठी!" कोळ्याची इबुकी ओरडली.

ओसाकाहून सुट्टीला आलेली रिक्का पुढे आली. तिने सरळ त्याची बाही धरून त्याला ओढलं.

हारुमाला काही कळेना! इतकी वर्षं त्याला कुणी साधं खोडरबर दिलं नव्हतं. आणि आता बंदरावर रोज सकाळी रेडिओवरच्या पियानोच्या तालावर होणाऱ्या कवायतीला आलं, की ही ओढाताण! आपलं नेमकं काय चुकलंय, या विचाराने तो पार गोंधळून गेला होता.

मुलांच्या पाठीमागे, मासळीबाजाराला अगदी खेटून, इवामारू उभा होता. तीन मजली उंच यंत्रमानव! वादळाआधी किनाऱ्यावर काँक्रीटचे ठोकळे रचायचं त्याचं काम. त्याच्या पोटात बसून त्याला चालवायची हारुमाची आई. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, जत्रेतल्या फेरीसाठी त्याला कालच शेडमधून बाहेर काढलं होतं.

त्सुमुगीने रेडिओ लावला. पियानो वाजू लागला, सगळ्यांचे हात वर गेले, आणि धडाड्!

दचकून त्सुमुगीने रेडिओ बंद केला. मासळीबाजाराचं छप्पर फाटलं होतं! इवामारू शांत उभा होता, त्याच्या कोपराला पत्रा लटकत होता. आणि त्याच्या पोटात कुणीच नव्हतं!

थोड्याच वेळात इवामारू बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर कुझुहारा तणतणत हारुमाच्या आईपाशी आले. "यंत्र चालू ठेवून घरी गेलात? दुपारी तराफा येतोय. हे यंत्र परत जाईल आणि तुमचा परवानाही!"

"चावी माझ्या गळ्यात आहे, साहेब," आई म्हणाली.

"मग काय ते आपलं आपण हललं?"

आईने मान खाली घातली. ते पाहून हारुमाला रडूच आलं. आई खोटं बोलत नव्हती, पण मग खरं काय होतं?

चौघं बंदराच्या भिंतीवर ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात बसली.

"पत्रा पाहिलास?" इबुकी म्हणाली. "आधी वर उचकटलाय, मग बाजूला वाकलाय."

"म्हणजे हात आधी वर, मग बाजूंनी खाली," रिक्का पुटपुटली आणि उठून तिने तसंच करून दाखवलं.

त्सुमुगीच्या हातातला भात खाली पडला. "अगं, हा तर कवायतीचा पहिला प्रकार!"

"काहीतरीच! यंत्राला कवायत कोण शिकवणार?" हारुमा म्हणाला.

"तो बनला त्या कारखान्यात सकाळी काय करतात?" त्सुमुगीने विचारलं.

"कवायत. सगळेच करतात."

"आणि इवामारू शिकतो कसा?"

"माणसांकडे बघून..." हारुमा ताडकन उठला. "चला!"

तराफा धक्क्याला लागला होता. कुझुहारा ऐकायलाच तयार नव्हते. "मुलांनो, खेळा जा तिकडे!"

"सगळे मागे व्हा!" इबुकीने असा काही आवाज लावला, की तराफ्यावरचे खलाशीही मागे सरकले. हारुमाने आईची चावी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. दुपारी रेडिओवर कवायत नसते, म्हणून त्सुमुगीने टेपरेकॉर्डरवर कवायतीची टेप लावली.

घर्रर्र! इवामारूचे हात वर गेले!

"काका, तुमचेही!" रिक्का ओरडली.

खरंच! कुझुहारांचे हात वर होते. खलाशांचेही वर होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पियानो वाजताच लहानपणापासूनच्या सवयीने सगळे कवायत करत होते! आपण हे का करतोय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. एकामागून एक प्रकार होत गेले.

"त्सुमुगी, बंद कर! पुढे उड्या आहेत!"

"बटण अडकलंय!"

इवामारूने गुडघे वाकवले. धक्का हादरला. हारुमाने झेप घेऊन टेपरेकॉर्डरमधले सेल उपसले. संगीत थांबलं आणि इवामारू तसाच वाकलेला राहिला.

कुझुहारांचा चेहरा पडला. "बघून शिकण्याचा खटका... तो चावीशिवायही चालतो. इथे पाठवताना बंद करायचा राहिला. कारखान्यात तो रोज आमच्याबरोबर हात हलवायचा. पण तिथे सगळेच हलवतात, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही!" त्यांनी आईपुढे कमरेत वाकून माफी मागितली. मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास! मला जे महिनोन् महिने दिसलं नाही, ते तुम्ही एका सकाळीत पाहिलंत."

रिकामा तराफा परत गेला. आईने हारुमाला घट्ट जवळ घेतलं. "आता सांग, जत्रेत इवामारूच्या मागच्या दोन सीटपैकी तुझ्या शेजारच्या सीटवर कोण बसणार?"

तिघी एकदम पुढे सरसावल्या. हारुमाच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. "म्हणजे ते कलिंगड... ती सावली... सगळं सीटसाठी?"

"मग काय तुझ्यासाठी?" तिघी एकसुरात म्हणाल्या.

"असं करू," आई हसून म्हणाली, "तुम्ही तिघी आळीपाळीने बसा, दोन्ही सीटवर. हारुमा खालून फोटो काढेल."

"पण आई, एक सीट माझी होती ना?"

त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. त्सुमुगी इवामारूच्या पायाच्या अंगठ्यावर कवायतीच्या हजेरीचा शिक्का मारत होती.

"उद्यापासून मागच्या रांगेत," तिने त्याला बजावलं. "आणि उड्या मारायच्या नाहीत!"