कय्युम मास्तरांचा नारळ

मोबाईल आधी बंद करा. सगळ्यांचे. लाईट गेलेत ते काही इतक्यात येत नाहीत, आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नसते. हसू नको रे तू. "तोताराम नाना थापा मारतो," असं तुझा बाप म्हणतो, ठाऊक आहे मला. त्या रात्री तुझा बाप गोधडीत तोंड खुपसून रडत होता, ते त्यानं नसेल सांगितलं.

ज्या पायऱ्यांवर बसलात ना, तिथूनच सुरू झालं सगळं. पिंप्राळ्यात तेव्हा आपली कॉलनी नवी होती. टीव्ही दोन-चार घरांत. या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही एक अ‍ॅम्प्लिफायर, एक टेप आणि माईक ठेवला होता, आणि चौकाचौकातल्या खांबांवर कर्णे बांधले होते. दर गुरुवारी रात्री आमचा रेडिओ लागायचा. आधी भजन, मग खेड्यावरून आलेली, डफावर वही म्हणजे आपली गावाकडची गाणी गाणारी मंडळी, मग बायकांच्या ओव्या, आणि शेवटचा अर्धा तास बँडवाल्यांचा. त्या अर्ध्या तासाला झुलाल 'जॅझ' म्हणायचा. कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकायचे मात्र सगळे.

झुलाल आमचा निवेदक. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायचा, तिथं त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण गुरुवारी माईकसमोर बसला की बायका तव्यावरची पोळी विसरायच्या. देवानं बाकी सगळ्यात हात आखडता घेतला होता आणि आवाजात सगळी भरपाई करून टाकली होती. त्याला त्याची घमेंडही होती, खोटं कशाला बोलू? फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी आकाशवाणीत निवेदकांच्या आवाजाची चाचणी होती. आपल्या आवाजाचा आणि कार्यक्रमाचा नमुना म्हणून एक झकास कॅसेट न्यायची, असं त्यानं ठरवलं. गाठी मोजण्यातून सुटायचा त्याला तोच एक दरवाजा होता.

म्हणून एका रविवारी पिशवीत टेप घालून तो एस.टी.नं धुळ्याला गेला. देवपूरला. कय्युम मास्तरांकडे.

कय्युम मास्तर म्हणजे बँडमधला सॅक्सोफोन. तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये साहेब लोकांचे नाच चालायचे, तिथं एका अँग्लो-इंडियन गार्डाच्या हाताखाली शिकलेले. वरातीत बिचारे सिनेमाची गाणी वाजवायचे. पण पौषात लग्नं नसतात. तेव्हा घरात बसून ते आपलं भुसावळचं काढायचे. आणि त्यांचा एक दंडक होता. नारळाचा मान सगळ्याच बँडवाल्यांना लागतो, पण मास्तरांचं काम फार कडक. ज्यानं वाजवायला सांगितलं, त्यानंच हातात नारळ द्यायचा. मगच वाद्य खाली. तोवर नाही. नवरदेव घोड्यावर झोपला तरी नाही.

मास्तर दम्यानं खंगले होते, तरी त्या दिवशी त्यांनी असं काही वाजवलं की झुलाल डुलायला लागला. कॅसेटची बाजू संपली. खट्‌कन बटण वर आलं. मास्तरांचे डोळे मिटलेले. ते वाजवतच होते.

झुलालला शेवटची गाडी गाठायची होती. नारळ त्यानं आणलाच नव्हता. विसरला नव्हता बरं का. आपण काय लग्नघरचे आहोत का, असा त्याचा तोरा. तो वायर गुंडाळायला लागला, तशा मास्तरांच्या घरच्या हसीनाबी दारात आल्या.

"भाऊ, नारियल दो ना उनको."

"नाही आणला भाभी."

"गल्ली के मोड पे दुकान है. ले आओ. मेरे हाथ से नहीं चलता, तुम्हारेच हाथ का होना. उसके बगैर ये रुकते नहीं... छाती भर आयी है उनकी."

झुलाल हसला. "दम लागला की थांबतील आपोआप," म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून निघाला. गल्लीच्या टोकाला पोचला तरी मागून सूर येत होता. पांझरेच्या पुलावरही येत होता. हे त्यानं मला नंतर पाटीवर लिहून सांगितलं. पाटीवर का, ते पुढं येतंच.

मंगळवारी धुळ्याचा एक ट्रक जिनिंगला सरकी भरायला आला. ड्रायव्हर देवपूरचाच. म्हणाला, "कय्युम मास्तर गयात ना भाऊ. रविवारीच. आरधी रात लोंग वाजाडी राहिंतात. तोंडमाईन रगत उनं, तरी वाजा सोडा नही. दोन जणस्नी वढीसन काढा."

अर्ध्या रात्रीपर्यंत वाजवत होते, तोंडातून रक्त आलं तरी वाद्य सोडलं नाही, दोघांनी ओढून काढलं, हे सगळं झुलालनं ऐकलं. घरी येऊन जेवला. आणि कोणाला काहीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कॉलनीनं दोन मिनिटं उभं राहून कार्यक्रम बंद ठेवला असता. शिवाय कोणीतरी विचारलंच असतं, तू तिथून कसा आलास म्हणून. आणि सोमवार तर उंबऱ्यावर आला होता, त्याआधी हा एकच गुरुवार. मला त्याचा आजही संताप येतो. दोस्त होता तरी.

आता नीट ऐका.

गुरुवार, एकोणतीस जानेवारी, एकोणीसशे सत्याऐंशी. पौषातली अवस. थंडी अशी की कुत्रीसुद्धा राखेत शिरलेली. नऊ वाजता भजन, वही, ओव्या सगळं आटोपलं. मंडळी घरी गेली. मागच्या खोलीत झुलाल एकटा. मी घरात अंथरुणावर पडून ऐकत होतो.

"श्रोतेहो," झुलाल म्हणाला, "आता स्वतः कय्युम मास्तर आपल्यासमोर हजर होत आहेत."

निवेदकांची ती सवयच असते. कॅसेट लावायची आणि माणूस समोर आलाय म्हणून सांगायचं. पण मेलेल्या माणसाला असं आवतण देतात का रे?

सॅक्सोफोन सुरू झाला. पहिला अर्धा तास छान गेला. मग कॅसेटची बाजू संपली. खट्‌. बटण वर आलं.

सूर चालूच.

झुलालला वाटलं, बटण बिघडलं. त्यानं कॅसेट बाहेर काढली. हातात धरली. सूर चालूच. त्यानं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. लाल दिवा विझला. त्यानं भिंतीतून पिन उपटली...

बाहेर सगळे कर्णे वाजत होते.

आता ते गाणं राहिलं नव्हतं. एकच सूर. लांब. चिरका. घरांच्या खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. कोणीतरी ओरडलं, "बंद कर रे भाड्या!" पोरं रडायला लागली. आणि मग सूर मधेच थांबला. कर्ण्यातून श्वास ऐकू आला. आत ओढलेला. लांबलचक. घरघरत.

सोडल्याचा आवाज नाही.

झुलालची छाती रिकामी झाली. त्याच्या तोंडातून, त्याच्या मनाविरुद्ध, सगळी हवा निघून गेली. पुन्हा सूर. पुन्हा कर्ण्यानं श्वास ओढला. पुन्हा झुलालची छाती रिकामी. भिंतीला धरून तो गुडघ्यावर आला. तेव्हा त्याला समजलं. मास्तरांचा दम संपला होता. आता ते त्याच्या दमावर वाजवत होते.

नारळ.

तो धडपडत बाहेर आला. वाचनालयाशेजारच्या मारुतीच्या पायाशी कोणी ठेवलेला नारळ त्यानं उचलला. चौकातल्या खांबाखाली गेला. मी बॅटरी घेऊन दारात आलो होतो. मी पाहिलं. झुलाल कर्ण्याकडे तोंड करून उभा. दोन्ही हातांत नारळ. हात पुढं केलेले. वर.

समोर कोणी नाही.

"मास्तर..." तो म्हणाला. "चुकलं... घ्या... थांबा आता..."

सूर थांबला.

सगळी कॉलनी चिडीचूप. मला वाटलं, सुटला. मी एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात कर्ण्यातून कोणीतरी बोललं. अगदी गोड. अगदी स्वच्छ. तो झुलालचाच आवाज होता. माझ्या समोर झुलालचे ओठ मिटलेले होते.

"श्रोतेहो... कार्यक्रम अजून संपलेला नाही."

आणि एक श्वास. आत...

त्यानंतर सगळं शांत झालं. झुलाल खांबाखाली बसला होता, नारळ छातीशी धरून. तोंड उघडायचा, मिटायचा. मासळी पाण्याबाहेर करते तसं. आवाज नाही. त्या रात्रीपासून मरेपर्यंत नाही. हकिमाला दाखवलं, मोठ्या डॉक्टरला दाखवलं. घशात काही दोष नाही म्हणाले. सोमवार आला आणि गेला. तो जिनिंगमध्ये गाठी मोजत राहिला, पाटीवर आकडे लिहून.

आठ दिवसांनी मीच त्याला देवपूरला नेलं, तोच नारळ घेऊन. म्हटलं, निदान बाईच्या पायाशी ठेवू. हसीनाबींनी दार उघडलं. नारळाकडं पाहिलं. हात लावला नाही.

"अब मेरे पास क्यों लाए, भाऊ?" त्या म्हणाल्या. "वो तो उसी रात तुम्हारे पीछे निकल गए."

आणि दार लावून घेतलं. मी त्या बाईला दोष देत नाही.

येताना झुलालनं नारळ घरात न्यायला नकार दिला. तो इथं, वाचनालयाच्या कोनाड्यात ठेवला. कर्णे आम्ही उतरवले, भंगारात घातले. पुढं झुलालही गेला, पौषातच. नारळ कोनाड्यातच राहिला. हो, तोच. देवाचा समजून तुम्ही त्याला हात लावत नाही, तो.

जा, आण बरं. घाबरतोस कशाला, नारळच आहे. दे माझ्याकडे.

इतक्या वर्षांचा आहे, पाणी केव्हाच आटलंय. हलवून पाहा... बघ, नाही वाजत.

आता कानाला लाव.

बोलू नका रे कोणी.

...

आलं ऐकू? कोणीतरी श्वास आत ओढल्यासारखं?

हं. आता तसाच धर. सोडल्याचं ऐकू येतंय का, बघ.

...

मलाही कधी आलं नाही.