चंपाबाईंचं गाळलेलं कडवं

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी पाळण्याला पहिला झोका दिला. निपाणीतलं घर, दारात चपलांचा ढीग, आत घुगऱ्यांचा वास. रूपालीच्या पहिल्या लेकीचं बारसं.

"पाळणा चंपाबाईंचाच म्हणायचा, शेवटचं कडवं तेवढं सोडायचं," सासूबाई, मनुबाई, बायकांना म्हणाल्या. "मामंजींनी घालून दिलेली रीत हाय."

चंपाबाई म्हणजे मनुबाईंच्या चुलत सासू. लग्नाआधी बेळगावात त्यांचं लई नाव. उडत्या चालीची गाणी गायच्या. तंबूतल्या सिनेमात मध्यंतराला त्यांची रेकॉर्ड लागली की माणसं चहाला उठायची नाहीत, असं म्हणतात. या घरात सून होऊन आल्या आणि थोरले दीर आप्पाण्णा, म्हणजे मनुबाईंचे मामंजी, म्हणाले, घरंदाज बाईचं नाव बाजारात नको. सगळ्या रेकॉर्डी त्यांच्यासमोरच अंगणात फोडल्या. पुढं घरात पहिलं बाळ आलं तेव्हा चंपाबाईंनी हा पाळणा रचला आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव घातलं. आप्पाण्णांनी नेमकं तेच गाळायला लावलं. मग दर बारशाला चंपाबाई कोपऱ्यात बसून, ओठ घट्ट मिटून, बिननावाचा पाळणा ऐकायच्या. गेल्या दिवाळीत त्या गेल्या. हे त्यांच्यामागचं पहिलंच बारसं.

बायका गायल्या. कडवं गाळलं. नणंद बाळाच्या कानाशी वाकली तशी तिच्या पाठीत बुक्के पडले.

"हळू गं बायांनो, पाठ माझीच हाय, भाड्यानं आणल्याली न्हाय!"

हशा झाला. त्या गलक्यानं बाळ दचकून रडलं. म्हणजे तोंड उघडलं, चेहरा लालबुंद झाला, गळ्याच्या शिरा ताणल्या... आवाज आलाच नाही.

चंपाबाई बसायच्या त्या कोपऱ्यातून जुन्या रेकॉर्डीची लाख तापल्यासारखा वास आला. पाठोपाठ खर्र... खर्र... रेकॉर्डवर नुसती सुई फिरावी तसं.

रूपाली सासूकडं वळली. "आई... ते कडवं म्हणा. तुमास्नी येतंय."

"गप. लोकं बसल्यात."

"आई, पोरीचे ओठ काळे पडाय लागलेत वो..."

"मामंजींचा शब्द मी मोडायची न्हाय."

चंपाबाईंची वेणी घालताना ते कडवं रूपालीनं त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. चाल नव्हती, नुसतं पुटपुटणं. तिनं बाळाला छातीशी धरलं आणि येईल तसं, फाटक्या आवाजात म्हटलं. चंपाबाईंचं नाव तोंडातून बाहेर पडलं मात्र, बाळानं टाहो फोडला.

मनुबाई तरातरा पुढं आल्या. सुनेला बोलायला त्यांनी तोंड उघडलं. चेहरा लालबुंद झाला. गळ्याच्या शिरा ताणल्या.

बेळगावच्या डॉक्टरांनी घसा तपासला. काही दोष नाही म्हणाले. आज श्रावण सरत आला, मनुबाईंच्या तोंडून शब्द नाही.

श्रेयांसनं, रूपालीच्या नवऱ्यानं, बारशाचा व्हिडिओ काढला होता. त्यात बायकांचे ओठ हलताना दिसतात, आवाज मात्र एकाच बाईचा येतो. गोड, तरणा. आणि बायका जिथं थांबल्या तिथं तो थांबत नाही. त्याच चालीत या घरच्या सुनांची, लेकींची नावं घेत जातो. पहिलं मनुबाईंचं. दुसरं नणंदेचं. नणंद परवापासून खुणेनं बोलते आहे. तिसऱ्या नावाचं पहिलं अक्षर 'रू' येतं, आणि व्हिडिओ संपतो.

बायांनो, हा पाळणा निपाणीपासून कडोलीपर्यंत घरोघरी म्हणतात. तुमच्याकडं बारसं असेल तर शेवटचं कडवं सोडू नका. नाव घ्या. आणि हे चार जणींना सांगा, तोंडात आवाज आहे तोवर.