आण्णांच्या सायकलची हवा

कुंभमेळा जवळ आला म्हणून गंगापूर रोड पार खोदून ठेवलेला. रिक्षावाल्याने मला अलीकडेच उतरवलं आणि पुढं धुळीत चालत जायला लावलं. डोकं तिथूनच फिरलेलं.

चाललो होतो जुन्या सायकलींच्या म्युझियमला. हौस म्हणून नाय. चिमाजीकाकाने आईला न विचारता आमच्या आण्णांची सायकल तिथं विकली होती.

मी सहावीत असताना आण्णा झेंडू घेऊन फूलबाजाराला निघाले ते परत आलेच नाहीत. सायकल गोदाघाटावर सापडली, फुलांच्या पाट्या तशाच बांधलेल्या. आण्णा नाय सापडले. मी शाळा सोडून मळ्यात लागलो. आई अजून कुंकू लावते.

मखमलाबादला आमच्या वस्तीवर सगळेच सायकलवर फुलं नेणारे. आमच्यात माणूस गेला की त्याच्या सायकलची हवा सोडतात. दोन्ही चाकांची. नायतर तो रोज धंद्यावर जातच राहतो म्हणे. आण्णांच्या सायकलची हवा आईने कुणाला सोडू दिली नव्हती.

आता सुवर्णाताईचं लग्न अडलेलं. पोराकडचे म्हणायचे, बाप हाय का नाय ते एकदाचं ठरवा. सकाळी निघताना काका कानाशी लागला, "दत्तू, गुपचूप हवा सोडून ये. दिवस घालून मोकळं होऊ." तेवढ्यात आई आतून ओरडली, "सायकल घेतल्याशिवाय तोंड दाखवू नको!"

म्हणजे कायपण केलं तरी शिव्या मलाच.

म्युझियम म्हणजे एका रिटायर इंजिनिअरचा बंगला. हॉलमध्ये पॉलिशचा वास. एक सायकल माणसाएवढ्या चाकाची, एकीच्या रिमा लाकडाच्या, एक मिलिटरीची, घडी होणारी. जिथं तिथं 'हात लावू नये'. कोपऱ्यात आमची. चकचकीत. मला ओळखूच येईना आधी.

"साहेब, ही आमची सायकल हाय."

"होती," साहेब म्हणाले. "रीतसर घेतलीय मी."

"मग मला परत द्या विकत."

"बाळा, ही विकायची वस्तू नाही. इंग्लंडची आहे, महायुद्धाच्या आधीची. ब्रेकसुद्धा मूळचे आहेत!"

"आमच्या आण्णांनी झेंडू वाहिलाय हिच्यावर."

"अरे वा! पाटीवर तसं लिहू आपण." आतून फोन वाजला, तसे ते निघूनच गेले.

माझ्या मुठी वळलेल्या. दाराशी वॉचमन होता, पुंजाबाबा. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तू ह्या सायकलवाल्याचा पोरगा का? ने बाबा ही एकदाची."

"का? काय झालं?"

"संध्याकाळी फडकं मारून कुलूप लावतो. सकाळी बघावं तर हिच्या चाकांना चिखल. बाकी एकीला नाय. साहेब मलाच झापतात, तूच फिरवतो म्हणून. अरे, मला सायकल येत नाय!"

मी खाली वाकलो. मडगार्डच्या आत चिखल होता, ओला. कॅरिअरच्या रबरात झेंडूचा एक देठ अडकलेला. मोडून बघितला. आतून हिरवागार.

मग टायर बघितले. बाकीच्या सगळ्या सायकली खाली बसलेल्या, अंगठा दाबला की आत जाणाऱ्या. आमची दोन्ही चाकं टणक.

"हिच्यात हवा कोण भरतं?"

"हवा?" पुंजाबाबा हसला. "येड्या, इथं एकीतपण ट्यूब नाय. कुजल्या म्हणून काढून टाकल्या. टायरात चिंध्या कोंबल्यात. हवा भरायचा वाल नुसता दिसायला ठेवलाय."

मी परत दाबून बघितलं. दगड.

मला सगळ्यांचाच राग आला. काकाचा, आईचा, त्या साहेबाचा. सगळ्यात जास्त आण्णांचा. रोज यायचंच होतं तर घरी यायचं ना. बाजारात काय ठेवलंय?

मी मागच्या चाकाचा वाल पिरगाळून उपटला.

हवा सुटली.

पुंजाबाबाचं हसू गेलं. तो भिंतीला टेकला.

फुस्स होऊन संपली नाय ती. यायची, थांबायची, परत यायची. ओझं घेऊन चढ चढणारा माणूस दम टाकतो, तशी. वास आला. भिजलेला झेंडू, आणि तंबाखू.

घाबरून मी भोकावर बोट दाबलं.

बोट आत ओढलं गेलं.

हिसडा मारून सोडवलं आणि पळालो. पुढच्या चाकाला हात लावायची हिंमत झाली नाय.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. आई ओट्यावर हार ओवत बसलेली. सायकल कुठंय, असं तिने विचारलंच नाय. मीच काहीतरी बोलायला गेलो.

"आई, ते साहेब..."

"तुझे आण्णा येऊन गेले," ती म्हणाली.

मी वळून रस्त्याकडं बघितलं.

"चालत आले रे. लय दमलेले. पाणी प्यायले उभ्याउभ्याच. म्हणाले, मागलं चाक बसलं, आता एकट्याच्यानं ओढवत नाय."

तिने सुईत नवा दोरा ओवला.

"पहाटे दत्तूला उठव म्हणाले. मागून ढकलायला."

मी आत बघितलं. चुलीजवळ फडक्यात भाकरी बांधून ठेवली होती. दोघांची.