राणी माथ्यावर बसली होती

"हलू नकोस! अजिबात हलू नकोस... तुझ्या डोक्यावर राणी बसलीय!"

हा आवाज मी किती वर्षं कानात जपून ठेवला होता. क्विलाच्या झाडावरून, पार शेंड्याजवळून आला होता तो. फुटू लागलेला, मधेच चिरकणारा, कुणा मुलाचा आवाज. मी तेव्हा आईच्या खांद्याला लागत होते. कपाळावरून पाठीशी सोडलेल्या जाळीच्या पिशवीत रताळी होती आणि मी घरी निघाले होते. आवाज आला आणि मी थांबले. मान ताठ, श्वास कोंडलेला. एक मुंगी पोटरीवर चढली, फिरली, उतरली... तरी मी हलले नाही.

मग वरून हाक आली, "गेली!" आणि पाठोपाठ हसू. वर पाहिलं तर नुसती पानं.

त्या दिवसापासून मी राणीची झाले. दूरच्या कुठल्याशा राणीचं नाव गोऱ्यांनी या फुलपाखराला दिलं म्हणतात. आम्ही नुसतं राणी म्हणतो. एवढी झाडं आहेत रानात, पण तिने टेकायला माझाच माथा निवडला, हे मी सगळ्या गावाला सांगत सुटले. मैत्रिणी मिशनच्या गाण्यात रमल्या, मी राणीच्या मागे रानात. माझे दोन्ही पंजे शेजारी शेजारी पसरले तरी तिचे तपकिरी पंख उरतात. नर लहानखुरा, हिरवानिळा, नटवा. ती अंडं घालते ते एकाच वेलीच्या पानाखाली. कडूजहर वेल ती, डुक्करसुद्धा तोंड लावत नाही. अळी काळी मखमली, लाल काट्यांची. तेच कडू पान खाऊन तीही कडू होते, मग पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. झाडाची साल कुटून लुगडी करताना आमच्या बायका गातात ना,

कडू पान खाई बाळ, गोड फूल पिई आई
एका वेलीच्या गं पोटी किती चवी, माझे बाई...

अशी एक वेल आमच्या अळूच्या मळ्याच्या बांधावर होती. बांधापलीकडची झाडी सिल्वानसच्या मामाची. सिल्वानस बरीच वर्षं दूर ले शहराच्या बंदरावर कामाला होता, नुकताच परतला होता. परतल्यापासून मी त्याला पाहिलंही नव्हतं. झाडी साफ करून मामा तिथे तेलाचे ताड लावणार, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि त्या वेलीवर एक कोष लटकत होता, पिवळ्या सोन्याचा. मी रोज त्याला बघायला जायची.

एके सकाळी पाहते तो काय — वेलीच्या बुंध्याला रानआल्याचं पान बांधलेलं!

आमच्याकडे प्रत्येक घराण्याचं एक झाड असतं. त्याची डहाळी वाटेवर टाकली म्हणजे 'मी पुढे गेलोय', आणि झाडाला बांधली म्हणजे 'हे माझं, हात लावू नका'. रानआलं म्हणजे सिल्वानसच्या बापाचं घराणं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी वेल याची कशी? मी आमच्या लाल क्रोटनची डहाळी मोडली आणि त्याच्या गाठीवर आपली गाठ मारली. करकचून.

"जरा हळू... वेलीचा गळा आवळतेयस."

मी गर्रकन वळले. खांद्यावर कोयता, सुपारीने लाल झालेले ओठ, डोळ्यांत नको तेवढं हसू. आवाज मात्र... कुठे ऐकला होता बरं?

"तू कोण?"

"रानआलं."

"आणि मी—"

"लाल क्रोटन. दिसतंय ना. चांगलंच लाल झालंय."

"ही वेल आमची आहे."

"मुळं आमच्याकडे आहेत."

"पानं आमच्याकडे झुकलीत."

"मग मुळं मी घेतो, पानं तू घे. मिटलं भांडण."

"आणि कोष?"

"त्याला विचारू. बाहेर आल्यावर." तो बांधावर टेकला. "नर असला तर माझ्या बाजूने बोलेल. नर मागणी कशी घालतो, पाहिलंयस? मादीच्या डोक्यावर घिरट्या घालतो, सुगंध शिंपडतो..."

"आणि ती खाली निवांत मध पीत बसते. पाहिलंय. तुम्हा पुरुषांना उंचावरून बोलायची सवयच असते."

हे ऐकून तो का दचकला, मला तेव्हा कळलं नाही.

"मामाला ताड लावायचेत, म्हणून खूण केलीस ना?" मी विचारलं.

त्याने वेलीकडे पाहिलं. "तसं समज," म्हणाला, आणि कोयता उचलून चालता झाला.

दुपारपर्यंत गावभर झालं! पाण्याला जाणाऱ्या बायकांनी वेलीवरच्या दोन खुणा पाहिल्या. आणि एकाच झाडावर दोघांच्या खुणा म्हणजे दोघांचा मळा एक. मळा एक कुणाचा असतो? नवरा-बायकोचा. रागाच्या भरात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय गं युनिस," माझी मैत्रीण मावीस साल कुटता कुटता ओरडली, "मागणीची डुकरं कधी येतायत? आधी सांग, मी दोन दिवस उपाशी राहते!"

"तोंड बंद कर गं!"

"गाठ मात्र घट्ट मारलीयस हां. मी ओढून पाहिली."

संध्याकाळी बाबा चुलीपाशी अळूचे कंद भाजत होते. म्हणाले, "पोरी, सकाळपर्यंत एक खूण उतरायला हवी. नाहीतर त्याचा मामा डुक्कर घेऊन दारात उभा राहील आणि मला हसतमुखाने बसवून घ्यावं लागेल." थोडं थांबून पुढे म्हणाले, "म्हणजे... मला डुक्कर आवडतंच म्हणा."

"बाबा!" मी ओरडले.

"त्याचीच खूण काढते," मी पुढे म्हणाले. तशी आत्या हसली. तिला गावातलं सगळं आधी कळतं.

"त्याची काढलीस तर वेल तुटेल. खूण कुणासाठी होती असं वाटलं तुला? मामाच्याच माणसांसाठी. कोपरा साफ करायला येतील तेव्हा त्यांनी हात लावू नये म्हणून. आल्यापासून मामाशी भांडतोय तो त्या वेलीसाठी. आज मामा म्हणाला, एकट्या पोराच्या हट्टापायी जमीन सोडणार नाही. पण त्याचा संसार तिथे उभा राहणार असेल, तर तो कोपरा त्याचा."

कंद माझ्या हातातच राहिला. म्हणजे त्याची खूण काढली तर वेल जाणार, कोष जाणार. माझी काढली तरी तेच. आणि दोन्ही ठेवल्या तर... ज्याने मला काही विचारलंच नाही, त्याला मी हो म्हटल्यासारखं होणार. वेलीसाठी मी पुष्कळ काही केलं असतं. पण न विचारलेल्या प्रश्नाला हो? छे!

उजाडता उजाडता मी बांधावर पोचले. हवा ओलीचिंब होती. राणी अशाच वेळी कोषाबाहेर येते. एवढे मोठे पंख, कोरड्या हवेत उलगडायच्या आतच वाळून जायचे. काल संध्याकाळी कोषाच्या सालीतून आतला तपकिरी रंग दिसायला लागला होता.

सिल्वानस माझ्याआधीच आला होता. वेलीशी वाकून नखांनी काहीतरी खरडत होता.

"काय करतोयस?"

तो ओशाळला. "तुझी गाठ सोडवतोय. तू अडकू नयेस म्हणून... मामाचं मी बघतो काहीतरी. पण काय आवळलीयस! रात्री कोयता घेऊन झोपतेस की काय?"

"सोडव म्हटलं मी?"

"नाही... पण राहू दे, असंही नाही म्हणालीस."

"राहू दे म्हणायला आधी कुणीतरी काही विचारावं लागतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले... आणि नेमक्या त्याच क्षणी कोषाची साल टरकन उकलली.

आम्ही दोघंही खाली बसलो. आधी पाय आले, चाचपडत. मग पिवळंधमक पोट. पंख तर ओल्या सालीच्या चुरगळलेल्या लुगड्यासारखे. ती कोषाच्या टरफलाला लोंबकळत राहिली आणि पंख हळूहळू, घडी घडी करून उलगडत गेले. तपकिरी. रुंद. पांढऱ्या ठिपक्यांचे.

"मादी आहे," मी कुजबुजले. "आता ती माझ्या बाजूने बोलणार."

"बोलू दे," तो म्हणाला. "मीही तुझ्याच बाजूला आहे."

हळूहळू ऊन वेलीपर्यंत उतरलं. तिने पंख एकदा मिटले, एकदा उघडले, आणि उडाली... वेडंवाकडं, नवखं उडणं. माझ्या तोंडासमोरून वारा गेला. केसांत काहीतरी टेकलं, हलकं, खरखरीत पायांचं.

"हलू नकोस," सिल्वानस म्हणाला. "अजिबात हलू नकोस."

आवाज आता फुटलेला नव्हता, चिरकत नव्हता. पण तोच होता. क्विलाच्या शेंड्यावरचा! माझी मान मात्र तशीच ताठ.

"तू होतास," मी ओठ न हलवता म्हटलं. "त्या झाडावर."

त्याचा हात अजून माझ्या गाठीवरच होता. डोकं जराही न हलवता मी माझा हात पुढे नेला आणि त्याच्या हातावर ठेवला. गाठीसकट.

"त्या दिवशीही ती अशीच बसली होती ना रे?"

दूर मिशनची घंटा वाजली, थांबली.

"नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी तुझ्या डोक्यावर काहीच बसलं नव्हतं, युनिस. तू घरी निघाली होतीस... आणि तू जाऊ नयेस, एवढंच मला वाटत होतं. आजही तेच वाटतंय. राहशील?"